निम्मेच दाखवणारा ॲमीटर

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीत मी बहुधा नसेन. हल्लीच्या गाड्यांत माझ्याऐवजी एक लाल दिवा असतो. तो बिघाड झाला की लागतो आणि तोपर्यंत गप्प राहतो. आमच्या काळी असे चालत नसे. आम्हाला रोज हजेरी द्यावी लागायची.

मी एका जुन्या मोटारीतला ॲमीटर आहे. तळहातात मावेल एवढी माझी तबकडी. मधोमध शून्य, दोन्ही बाजूंना तीसपर्यंत आकडे आणि एक बारीक काटा. बॅटरी भरत असली की काटा उजवीकडे झुकतो, रिकामी होत असली की डावीकडे. सुरू होतानाचा झटका सोडला, तर बॅटरीत येणारी-जाणारी सगळी वीज माझ्या पोटातून जाते. म्हणजे मी लांबून बघून सांगणारा नव्हे. जे सांगतो ते अंगावर घेऊन सांगतो. एवढा एक अभिमान मला आहे, तो राहू द्या. नाहीतर माझ्याकडे बघतो कोण? स्पीडोमीटरकडे मुले डोळे मोठे करून बघतात, पेट्रोलच्या काट्याकडे मोठी माणसे धास्तीने बघतात. मला कुणी ढुंकूनही विचारत नाही.

माझा कारखाना कोणता ते मला सांगता येणार नाही, कारण पाठीवरचा शिक्का केव्हाच झिजला. मोटार मात्र मुंबईत जुळवलेली. रंग मोरपंखी, दारे जाड, मागची सीट दिवाणासारखी रुंद. पहिले मालक मुंबईचे डॉक्टर होते, मग अंबाल्याचे एक व्यापारी आले आणि शेवटी आम्ही चंडीगडजवळच्या मुल्लानपूरच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात जाऊन पडलो. तिथे बावीस वर्षे गेली. स्टिअरिंगवर कोंबड्या बसत. माझ्या काचेवर एवढी धूळ साचली की दिवस-रात्र मला सारखेच झाले.

मग मुल्लानपुरात शेते जाऊन टाउनशिप आली. गोठा पडणार होता आणि मोटार भंगारात जाणार होती. त्याच सुमारास प्लॉट बघायला आलेल्या एका मित्राबरोबर श्यामसुंदरराव तिथे आले. मित्र प्लॉट बघत होता आणि हे गोठ्यात शिरले. दार उघडून त्यांनी रुमालाने माझी काच पुसली आणि नखाने हलकेच टकटक केली. अडकलेला काटा मोकळा आहे का, हे जाणकार माणूस असेच बघतो. माझा काटा थरथरला.

"जिवंत आहे हा," ते म्हणाले.

बावीस वर्षांत माझ्याबद्दल कुणी काही बोलले नव्हते. मला रडू येण्याची सोय असती तर मी रडलो असतो.

श्यामसुंदरराव मूळचे संगमनेरकडचे. एअर फोर्समध्ये तीस वर्षे इन्स्ट्रुमेंट फिटर होते. विमानातले सगळे काटे बरोबर चालतात की नाही, हे बघून सही करायची, हे त्यांचे काम. शेवटची पोस्टिंग चंडीगडची होती. मुलगा आदित्य इथेच शिकला, शेजारच्या मोहालीत नोकरीला लागला आणि हे दोघे, ते आणि त्यांच्या पत्नी नलिनीबाई, सेक्टर चव्वेचाळीसमधल्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहिले. फ्लॅटसमोर बहाव्याचे झाड आहे. माझी मोटार त्या झाडाखाली उभी राहू लागली.

रोज सकाळी चहाचा कप घेऊन श्यामसुंदरराव मोटारीत येऊन बसत, किल्ली फिरवत आणि माझ्याकडे बघत. मी आकडा दाखवला की समाधानाने चहा पीत. नलिनीबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणत, "अहो, त्या काट्याला गुड मॉर्निंग झालं असेल तर आंघोळीला या." मला ते ऐकायला फार आवडायचे. माझ्या आयुष्यातली ती सुखाची वर्षे होती, आणि ती थोडीच होती.

नलिनीबाईंचे हृदय कमजोर झाले. पाय सुजू लागले, चार पावले चालल्या की दम लागू लागला. डॉक्टरांकडे वरचेवर जावे लागे. टॅक्सी बोलावली की छोटी गाडी यायची. तिच्यात पाय वर घेऊन बसता येत नसे आणि त्यांचा जीव घाबरायचा. आमच्या मागच्या सीटवर मात्र त्या आडव्या होऊ शकत. पण चंडीगडचा जून म्हणजे पत्रा भाजून काढणारा. एकदा दवाखान्यातून परतताना सिग्नलला त्या घामाने भिजून अर्धवट शुद्धीत गेल्या. दुसऱ्याच दिवशी श्यामसुंदरराव मोटार घेऊन मनीमाजऱ्याला रघुवीर सिंगच्या गॅरेजमध्ये गेले.

"एसी लगवाना है," ते म्हणाले.

रघुवीर हसला नाही. त्याने नलिनीबाईंना आधी पाहिले होते. जुना डायनॅमो काढून त्याने वीज तयार करणारा दणकट आल्टरनेटर बसवला. तो साठ अँपिअरपर्यंत देणारा. एसीची तार थेट बॅटरीवरून घेतली. बॅटरीची वाट माझ्या पोटातून जाते हे कुणाच्या लक्षात आले नाही. मी बिचारा तिसाचा गडी. पहिल्याच फेरीला काटा उजव्या टोकाला जाऊन आदळला, पाठीमागचे नट तापले, तारेवरचे रबर वितळू लागले आणि डॅशबोर्डखालून धूर निघाला.

श्यामसुंदररावांनी झटकन गाडी बंद केली. पुन्हा गॅरेज. रघुवीरने वाकून बघितले आणि मान हलवली.

"अंकलजी, ए मीटर कड्ढ दो. तारा सीधियां जोड़ देने आं. इसकी जगह वोल्टमीटर ला दूंगा. इसका टाइम गया."

म्हणजे मला काढून टाकायचे आणि तारा सरळ एकमेकींना जोडायच्या. तेव्हा मागच्या सीटवरून नलिनीबाई म्हणाल्या, "अहो, जुना आहे तो. काढू नका त्याला. पण त्याच्यावर एवढं लादूही नका."

मला काढून फेकले गेले नाही ते या तीन वाक्यांमुळे.

श्यामसुंदररावांनी मला खोलून घरी नेले. तांब्याची एक जाड पट्टी कापली, तिला दोन भोके पाडली आणि माझ्या पाठीवरच्या दोन बोल्टांना ती आडवी जोडली. आता वीज येई ती दोन वाटांनी फुटे. थोडी माझ्यातून, बाकीची पट्टीतून. याला शंट म्हणतात. पट्टी जाड होती तेव्हा फार वीज तिच्यातून जाई आणि मी फारच कमी दाखवत असे. मग ते कानशीने पट्टी जराशी घासत, पुन्हा जोडत, दुसऱ्या मीटरशी ताडून बघत. असे तीन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी वीस अँपिअर वाहत असताना माझा काटा बरोबर दहावर उभा राहिला.

मग त्यांनी कागदाचा बारीक तुकडा घेतला, त्यावर 'दोनने गुणा' असे लिहिले आणि माझ्या काचेखाली चिकटवला. उपकरणात बदल केला की चिठ्ठी लावायचीच, ही त्यांची एअर फोर्सची शिस्त.

नलिनीबाईंनी ती चिठ्ठी वाचली. "म्हणजे हा आता खोटं बोलणार?"

"खोटं नाही, नलू. निम्मं. सगळं याच्यावर आलं तर हा जळून जाईल. म्हणून निम्मं बाजूने वळवलंय."

"आणि चिठ्ठी नसती तर?"

"तर बघणाऱ्याला वाटलं असतं, सगळं ठीक आहे."

नलिनीबाई 'हं' म्हणाल्या आणि बाहेर बघू लागल्या. मला स्वतःला, खरे सांगू का, थोडे अपमानास्पद वाटले. जन्मभर पूर्ण दाखवले आणि म्हातारपणी निम्म्यावर आलो. पण जगलो.

त्या थंडीत नलिनीबाईंना आठ दिवस इस्पितळात ठेवावे लागले. श्यामसुंदरराव आठही दिवस तिथल्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. पुढचे मी नंतर गाडीतल्या बोलण्यातून जुळवले. नवव्या दिवशी घरी जायची वेळ आली तेव्हा ते उभे राहिले आणि चक्कर येऊन तिथेच कोसळले. कपाळाला सात टाके पडले. नलिनीबाईंनी ते चाकाच्या खुर्चीतून पाहिले. परतताना त्या मोटारीत नुसत्या त्यांच्या डोक्याच्या पट्टीकडे बघत होत्या.

डॉक्टरांनी एक नियम घालून दिला होता. रोज सकाळी चहाच्या आधी वजन करायचे. तीन-चार दिवसांत दोन किलो वाढले, तर अंगात पाणी साठते आहे असे समजायचे आणि लगेच यायचे. श्यामसुंदररावांना असा नियम म्हणजे आवडीचे काम. त्यांनी वजनकाटा आणला, पाणसळ लावून फरशीवर अगदी सपाट जागी ठेवला. सकाळी मोटारीत बसून माझा आकडा बघून झाला की ते खिडकीकडे तोंड करून विचारत, "नलू, किती?"

आतून उत्तर येई, "एकसष्ट."

ते वहीत लिहीत. मग चहा.

जूनमध्ये बहावा पिवळाधमक फुलला होता. महाराष्ट्र मंडळात काही कार्यक्रम होता आणि शेजारची उल्का नलिनीबाईंबरोबर मागच्या सीटवर बसली होती. उल्काचा नवरा आर्मीत मेजर आहे. चंडीमंदिरला त्याची पोस्टिंग दोन वर्षांपासून आहे. वाटेत श्यामसुंदरराव फुले घ्यायला उतरले. एसी चालू होता आणि मी चौदा दाखवत होतो.

"काकू, तुमच्या चपला कुठे आहेत?" उल्काने विचारले.

"पायात जात नाहीत गं. सुजलेत."

"वजन केलंत? पक्का सांगा."

नलिनीबाईंनी आधी बाहेर पाहिले. श्यामसुंदरराव फुलवालीशी बोलत होते. मग त्या हळूच म्हणाल्या, "चौसष्टच्या वर गेलंय. यांना एकसष्टच सांगते मी."

"काकू!"

"हळू बोल. डॉक्टर परत ठेवून घेतील, मग हे परत त्या बाकावर बसतील. मागच्या वेळी कपाळावर निभावलं. त्यांना नाही झेपायचं, उल्का. बुधवारी अपॉइंटमेंट आहेच, तेव्हा डॉक्टरांना सांगते. तू मात्र बोलू नकोस. माझी शपथ आहे तुला."

उल्काने खाली मान घातली. तो शुक्रवार होता.

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा हवी होती. तुम्ही विचाराल, तू काय करू शकत होतास? काहीच नाही. मी विजेचा काटा, विजेचेच सांगणार. पण उल्काने नुसते आकडे ऐकले, त्या बाईंनी खरे काय केले ते फक्त मला कळले होते. समोरचा जळू नये म्हणून त्यांनी निम्मे बाजूने वळवले होते. आणि वर चिठ्ठी नव्हती.

शनिवारी सकाळी, "नलू, किती?"

"एकसष्ट."

रविवारी, "नलू, किती?"

"एकसष्ट आणि वर थोडं."

त्यांनी वहीत लिहिले, 'एकसष्ट पॉइंट दोन'. वर थोडं म्हणजे किती, हे त्यांनी आपल्या मनाने ठरवले. त्या दिवशी आदित्यचाही फोन आला. त्यालाही त्या म्हणाल्या, "मी मजेत आहे, तू तुझी ती सॉफ्टवेअरची रिलीज उरक."

सोमवारी सकाळी उत्तर आलेच नाही. श्यामसुंदररावांनी दोनदा विचारले आणि मग चहाचा कप बॉनेटवर ठेवून ते आत धावले.

उल्का आणि तिच्या नोकराने नलिनीबाईंना आणून मागच्या सीटवर निजवले. श्यामसुंदररावांनी मोटार काढली. एसी पूर्ण केला. मी पंधरा दाखवले. प्रत्येक सिग्नलला त्यांची नजर माझ्यावर यायची. ही सवय हातांना आणि डोळ्यांना लागलेली असते, माणूस त्यात काही करू शकत नाही. पंधरा दुणे तीस, ठीक आहे, गाडी पोचवील. मागून नलिनीबाई म्हणाल्या, "बरं आहे मला आता. हळू चालवा." आणि ते खरेच थोडे हळू झाले.

संध्याकाळी साडेपाचला त्या गेल्या. फुप्फुसांत पाणी भरले होते. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आधी आणायला हवे होते.

दिवस झाले, पाहुणे आले तसे गेले. आदित्यही मोहालीला परतला. पंधराव्या दिवशी श्यामसुंदरराव मोटारीत येऊन बसले. किल्ली लावली नाही. उल्का डबा घेऊन आली आणि दुसऱ्या बाजूचे दार उघडून आत बसली. डबा मांडीवर धरून ती रडू लागली आणि रडतारडताच तिने शुक्रवारचे सगळे सांगितले.

"काका, मी सांगायला हवं होतं. मला माफ करा."

मला वाटले, ते चिडतील. ते चिडले नाहीत.

"तू नाही गं पोरी," ते म्हणाले. "तीस वर्षं नोकरी केली. हाताखालच्या माणसाने नुसतं ओरडून सांगितलेल्या रीडिंगवर मी एकदाही सही केली नाही. शिडी चढून कॉकपिटमध्ये जायचो, स्वतः बघायचो, मग सही. आणि घरात... वीस पावलं होती. मी इथे बसून विचारत होतो. चहा पीत."

उल्काने मांडीवरचा डबा डॅशबोर्डवर ठेवला.

"ती कधीच पूर्ण सांगायची नाही. डोकं दुखतंय म्हणाली की ताप असायचा. मला माहीत होतं हे. चाळीस वर्षं माहीत होतं."

त्यानंतर त्यांनी मोटार कधी सुरू केली नाही. बॅटरी उतरली. किल्लीच फिरली नाही तर माझा काटा कुठला हलतो? काचेवर पुन्हा धूळ बसू लागली. रघुवीर एकदा येऊन गेला. "अंकलजी, गड्डी खड़ी-खड़ी खराब हो जावेगी," म्हणाला. श्यामसुंदररावांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावले. मला धुळीचे दुःख नव्हते. मला त्यांचे हात दिसायचे. मनगटावरचे घड्याळ सैल होऊन कोपराकडे सरकू लागले होते.

रोज सकाळी ते मोटारीत नुसते येऊन बसत, तेवढे मात्र सुटले नाही. दहाच्या सुमारास आदित्यचा ऑफिसमधून फोन येई.

"बाबा, सब ठीक? खाना वगैरह?"

"हो रे, एकदम मस्त. जेवलो. तू काम कर."

"पक्का ना?"

"पक्का."

असा जुलै गेला, ऑगस्ट गेला. रोज एकच आकडा. आदित्य वाईट मुलगा नाही. तो विचारत होता आणि त्याला उत्तर मिळत होते.

सप्टेंबरातल्या एका सकाळी तसाच फोन आला, तसेच उत्तर गेले आणि फोन बंद झाला. श्यामसुंदररावांची नजर माझ्या धुळकट काचेखालच्या 'दोनने गुणा' या चिठ्ठीवर गेली. मग त्यांनी स्वतःच नंबर लावला. आदित्यने लगेच उचलला.

"बाबा? क्या हुआ?"

"आदित्य, मी ठीक नाहीये. मघाशी सांगितलं ते खरं नव्हतं. चार दिवस स्वयंपाक केलेला नाही. उल्काचा डबा येतो तो तसाच परत जातो. मला झोप लागत नाही. परवा बाथरूममध्ये पडलो. मला घरात आत जाववत नाही रे, म्हणून मी इथे गाडीत बसतो. तू फोनवर विचारू नकोस, बाळा. तू येऊन बघ."

मग आदित्य बोलला आणि लहानपणानंतर पहिल्यांदाच मी त्याला सरळ मराठीत बोलताना ऐकले... चुकलो, लहानपणी मी कुठे होतो? मी पहिल्यांदाच ऐकले एवढेच खरे.

"बाबा, तिथेच बसा. मी येतो."

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे आणि माझे ऐकाच असे म्हणण्याचा मला हक्क नाही. माझी काच पुसा, मला जपा, असे मागणेही आता उरलेले नाही. एकच सांगतो. तुमच्या घरात जी माणसे 'बरं आहे' म्हणतात, त्यांना दुसऱ्या खोलीतून विचारू नका. उठा, जवळ जा, त्यांचे पाय बघा, ताट बघा, डोळे बघा. ती खोटारडी नसतात. त्यांना तुमची काळजी असते, म्हणून ती निम्मे स्वतःपाशी ठेवतात.

मोहालीहून यायला आदित्यला वीस मिनिटे लागली. जूनमध्येही तेवढीच लागली असती.